भातसा परिसरातील भूकंप व प्रबलित काँक्रीटच्या इमारती

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचा जलाशय भरत असताना १९८३ मध्ये खर्डी व आसपासच्या गावांत भूकंपाचे हादरे बसू लागले. त्यांपैकी सर्वांत मोठा हादरा १५ सप्टेंबर १९८३ रोजी झाला. त्याचे रिश्टर मापप्रमाण ५ हून किंचित कमी होते. जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी यांमुळे आधीच ताणाखाली असलेले विभंग सरकतात, असे या भूकंपांचे स्पष्टीकरण देण्यात येते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने सु. १८० माणसे दगावली, तेव्हाच दख्खनचे पठार पूर्णतः स्थिर असल्याची समजूत मोडली होती.

भूकंपात जमीन हलते, परंतु इमारतीचा वरचा भाग जडत्वामुळे मागे राहतो. त्यामुळे खांबांवर दोन्ही दिशांनी आलटूनपालटून वाक येतो. काँक्रीट दाब सोसते. ताण मात्र पोलादी सळयांना सोसावा लागतो. तीव्र भूकंपात इमारतीला तडे जाणे गृहीत धरलेले असते. ती कोसळू नये, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी सळया न तुटता ताणल्या जाऊन भूकंपाची ऊर्जा शोषली गेली पाहिजे. या गुणधर्मास तन्यता म्हणतात. खांबांच्या टोकांशी कड्या विरळ असतील, तर काँक्रीट फुटते, सळया बाहेर वाकतात व खांब खचतो. म्हणूनच खांबांपूर्वी तुळया नमणे इष्ट असते. कड्यांची टोके काँक्रीटच्या गाभ्यात वळवावीत, असे नियम करण्यात आले. त्यांसाठी १९९३ मध्ये स्वतंत्र भारतीय मानक (१३९२०) प्रसिद्ध झाले.

हे नियम न पाळल्याचा परिणाम २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दिसून आला. केंद्रापासून २०० किमी.हून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वाहनांसाठी तळमजला भिंतींवाचून मोकळा ठेवल्याने वरच्या मजल्यांच्या मानाने तो लवचिक होता. त्यामुळे सर्व विस्थापन तेथील खांबांवर एकवटले.

शहापूर व त्याच्या दक्षिणेकडील मुरबाड या तालुक्यांत पूर्वी कारवीच्या कुडाची हलकी घरे आढळत. त्यांचे वजन कमी असल्याने त्यांवर येणारे भूकंपबलही कमी असे. आता तेथील गावांत काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत आहेत. २००२ च्या भूकंपविभाग नकाशात ठाणे जिल्हा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात दाखविला आहे. १९८३ च्या हादऱ्यांनी या भागातील भूमी निश्चल नसल्याचे दाखवून दिले. परंतु तेथील नव्या इमारतींची कसोटी त्याहून तीव्र भूकंपातच लागेल. ती लागण्यापूर्वी करावयाचा उपाय खर्चिक नाही : खांबांतील कड्या काँक्रीटआड जाण्यापूर्वी, काँक्रीट ओतण्याआधीच तपासल्या पाहिजेत.