सातवाहनकालीन यवन दाते

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कार्ले, जुन्नर व नाशिक येथील बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्या आणि शिलालेखांत 'यवन' किंवा 'योनक' म्हणून उल्लेखिल्या गेलेल्या व्यक्तींना 'यवन दाते' असे संबोधले जाते. 'यवन' हा शब्द 'आयोनिया' या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून रूढ झाला.

व्यापारमार्ग

सोपारा व कल्याण ही तत्कालीन उत्तर कोकणातील प्रमुख बंदरे होती. कल्याणहून आजच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढून जुन्नरला जाता येई. नाशिककडील वाट शहापूर तालुक्याच्या बाजूने थळ घाटातून जात असे. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा लेख असून, घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार, कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आल्यानंतर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

शिलालेख

कार्ले येथील चैत्यगृहाच्या काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने नोंदवलेली आहेत. त्यांत सिहधय, धम व यसवधन ही नावे आढळतात. जुन्नर परिसरात इरिल या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, चिट याने भोजनमंडप व चंद याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाचे लेणे दत्तामित्री येथील योनक धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने खोदवले. तो स्वतःस 'उत्तरेकडील' म्हणवतो.

ओळखीचा प्रश्न

हे लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून बहुतेक नावे भारतीय वळणाची आहेत. धर्म, भाषा व नाव स्थानिक झाले तरी 'यवन' हे बिरुद व मूळ गावाचा उल्लेख दात्यांनी टाकला नाही. पांडवलेण्यांतीलच गौतमी बलश्रीच्या लेखात मात्र तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा शक, यवन व पल्हवांचा संहारक म्हणून गौरव केलेला आहे. त्यामुळे राजप्रशस्तीतील शत्रू 'यवन' आणि संघाला दान देणारा 'यवन' असे एकाच शब्दाचे दोन वापर एकाच डोंगरात दिसतात.

वरील लेखांत दात्यांचा व्यवसाय सांगितलेला नाही. दानस्थळे व्यापारमार्गांवर असल्याने ते व्यापारी असावेत, असा तर्क केला जातो. ते ग्रीक वंशाचे होते, की पश्चिमेकडून वा वायव्येकडून आलेल्या लोकांसाठी हे सामान्य नाव होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.