कमरेवरची कुस्ती

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवात महाराष्ट्र केसरीची लढत झाली. अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीर याला हरवले. त्या गर्दीत कुणालाही विचारले असते, की पट काढायला आणि टांग मारायलाच बंदी असेल तर कुस्ती कशी करायची, तर तो हसला असता. पण अशी एक कुस्ती जगात आहे आणि त्याच कुस्तीत महाराष्ट्राच्या एका पैलवानाने आशियाई सुवर्णपदक जिंकलेले आहे. त्यांचे नाव गणपतराव आंदळकर.

या प्रकाराला ग्रीको-रोमन म्हणतात. नाव प्राचीन असले तरी तिचे आजचे नियम एकोणिसाव्या शतकात युरोपात घडले. प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरायचे नाही, पाय अडकवून पाडायचे नाही. राहिले काय? मान, खांदे, हात आणि छाती. समोरच्याला मिठीत घेऊन उचलायचे आणि फेकायचे. शंभर किलोच्या आसपासचा माणूस असा उचलायचा, म्हणजे कमरेत आणि पाठीत केवढे बळ हवे!

गणपतरावांचा जन्म १९३५ चा, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातील पुनवतचा. ते घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत, लाल मातीत. १९६० मध्ये ते हिंद केसरी झाले. पुढे १९६२ मध्ये जाकार्ताला चौथ्या आशियाई स्पर्धा भरल्या. तिथे ९७ किलोंवरील गटात ते दोन्ही प्रकारांत उतरले. आपल्या मातीतल्या कुस्तीला जवळच्या फ्रीस्टाईलमध्ये त्यांना रौप्य मिळाले आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण! त्याच स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाईलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले. भारताने तिथे एकूण १० सुवर्णपदके जिंकली. त्यांतली ३ कुस्तीची आणि त्या तिनांतली दोन सांगली जिल्ह्यातल्या या दोन मल्लांची.

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, गणपतराव टोकियो ऑलिंपिकला गेले. तिथेही ते दोन्ही प्रकारांत खेळले, पण पदक मिळाले नाही. ग्रीको-रोमनच्या त्या गटात हंगेरीचा इस्तवान कोझमा विजेता ठरला, आणि १९६८ लाही तोच जिंकला. युरोपातले मल्ल हीच कुस्ती खेळत वाढलेले. आपला पैलवान मात्र मातीतून थेट गादीवर गेलेला. हे अंतर एका माणसाच्या बळावर तुटणारे नव्हते.

गणपतरावांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी मोतीबागेत मल्लांच्या पिढ्या घडवल्या. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लोकांच्या तोंडी ते 'हिंद केसरी' म्हणूनच राहिले, जाकार्ताचे सुवर्ण मागे पडले.

याचे कारण आपल्या जत्रांत आहे. गावच्या फडावर इनाम लागते ते चितपट कुस्तीला. पोराला खुराक त्याच इनामातून मिळतो. ज्या कुस्तीला जत्रेत इनाम नाही, तिच्यासाठी पोर घाम का गाळेल? वस्ताद तरी ती का शिकवेल? परिणाम आकड्यांत दिसतो. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकले, तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत भारताला कुस्तीत ८ ऑलिंपिक पदके मिळाली. आठही फ्रीस्टाईलची. पॅरिसला पुरुषांच्या कुस्तीचे १२ वजनगट होते, त्यांतले सहा ग्रीको-रोमनचे. म्हणजे निम्म्या दारांवर आपण अजून थापच नीट मारलेली नाही.

मातीची कुस्ती सोडा, असे कुणी म्हणणार नाही. आंदळकरांचे बळ त्या मातीचेच होते. पण जत्रेच्या फडाशेजारी एखादी गादी अंथरून कमरेवरच्या चार कुस्त्यांनाही इनाम लावायला काय हरकत आहे? मातीतला गडी तिथेही जिंकू शकतो, हे १९६२ मध्येच सिद्ध झालेले आहे.