वारसास्थळांवरील पर्यावरणवादी निदर्शने
प्रसिद्धीसाठी केलेल्या पर्यावरणीय निदर्शनांतून वारसास्थळांना इजा होण्याचे प्रकार. त्यांतील एक गंभीर प्रकरण पेरूच्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्राचीन नाझ्का रेषांचे. डिसेंबर २०१४ मध्ये लिमा येथे हवामान परिषद भरली असताना ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हमिंगबर्डच्या भूचित्राशेजारी पिवळ्या कापडी अक्षरांत संदेश अंथरला. कापड उचलले गेले, पाऊलखुणा राहिल्या. तेथे वरचे काळपट खडे सरकले की खालची फिकट माती उघडी पडते आणि पावसाअभावी तशीच राहते. मुळात रेषाही अशाच काढलेल्या. संघटनेने माफी मागितली. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यातच आहे. तेथे तटावर घोषणा रंगवणारा निसर्गप्रेमी वारसा आणि निसर्ग अशा दोन्हींचा दोषी ठरेल. जून २०२४ मध्ये इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळावर ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या आंदोलक गटाने नारिंगी भुकटी फवारली. ती काढता आली. चिंता होती ती दगडांवरच्या दुर्मीळ दगडफुलाची.