चरखा संघावरचा कर आणि कुदाल आयोग

पुलगावला लागून असलेलं नाचणगाव हे वर्धा जिल्ह्याच्या कापूस पट्ट्यातलं गाव. कापूस शेतकऱ्याचा आणि सूत गिरणीचं, अशी या पट्ट्याची घडी बसलेली असताना गरिबाच्या हाताला घरबसल्या काम देण्याचा विचार वर्धा-सेवाग्रामच्या संस्थांनी पेरला. त्यातून कुणी नफा कमावणार नव्हतं. तरीही सरकारी संशय त्यांच्या मागे लागलाच.

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद असे उद्योग उभे केले. ब्रिटिश सरकारच्या गृहखात्याला मात्र त्यात काँग्रेसचा राजकीय डाव दिसला. गृहसचिव हॅलेट यांनी प्रांतिक सरकारांना सावध करणारं गोपनीय परिपत्रकच पाठवलं.

खरी कसोटी लागली चरखा संघाची. 1925 मध्ये पाटण्यात स्थापन झालेल्या या संघाचे गांधीजी अध्यक्ष होते, तर वर्ध्याचे बजाज खजिनदार. खादीविक्रीच्या शिलकीवर प्राप्तिकर खात्याने कर लावला. मुंबई उच्च न्यायालयात निकाल संघाविरुद्ध गेला. संघ थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1944 मध्ये लॉर्ड राइट यांनी निकाल दिला: काँग्रेसशी नातं असलं तरी संघाला स्वतंत्र अस्तित्व आहे, त्याचा मुख्य हेतू गरिबांना आधार देण्याचा आहे, म्हणून करमाफी लागू होते. गांधीजी नुकतेच कैदेतून सुटले होते आणि युद्ध सुरू होतं, अशा काळात साम्राज्याच्याच न्यायपीठाने हे मान्य केलं.

स्वराज्यातही संशय संपला नाही. 1948 मध्ये सेवाग्रामात जन्मलेल्या सर्व सेवा संघाचे अनेक कार्यकर्ते जयप्रकाश नारायण यांच्या सरकारविरोधी आंदोलनात उतरले होते. 1982 मध्ये केंद्र सरकारने गांधी शांती प्रतिष्ठान, गांधी स्मारक निधी आणि सर्व सेवा संघ यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कुदाल आयोग नेमला. चौकशीचा ससेमिरा पाच वर्षं चालला. 1987 मध्ये आयोग गुंडाळला गेला.

सार्वजनिक पैशाचा हिशेब सरकारने जरूर मागावा. पण चरखा संघाला न्यायालय होतं आणि निकालाला शेवट होता. आयोगाच्या काळात संशयच शिक्षा झाला. म्हणून चौकशीला मुदत आणि कारवाईआधी लेखी कारण, ही मागणी प्रत्येक सेवाभावी संस्थेने आज लावून धरायला हवी.