कर्नल मॅकेंझीची पाहणी आणि तिचे वेतनी संग्राहक

जुन्या कागदपत्रांची व कोरीव लेखांची पाहणी करावयाची म्हटली म्हणजे पहिला विचार पैशाचा व दुसरा माणसांचा येतो. संशोधक एक आणि गांवें हजारों. तेव्हां दुसऱ्याच्या पायांनीं हिंडल्यावांचून व दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विस्तृत प्रदेशाची पाहणी होत नाहीं. परंतु वेतन देऊन नेमलेल्या संग्राहकानें आणलेल्या साधनाचें प्रामाण्य कशावर ठरवावें, त्याच्याकडे केवळ आणण्याचें काम असावें कीं समजून घेण्याचेंहि, आणि योजकाच्या पश्चात् त्या संग्रहाचा अर्थ कोणीं सांगावा, या गोष्टी आधीं ठरल्या नाहींत तर दप्तरें वाढतात, ज्ञान वाढत नाहीं. कर्नल कॉलिन मॅकेंझी यानें दक्षिणेंत केलेल्या पाहणीचा इतिहास या दृष्टीनें आमच्या संग्राहकवर्गानें अवश्य पाहावा असा आहे.

मॅकेंझी हा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुइस बेटांतला. सन १७८३ त तो कंपनीच्या नोकरींत मद्रासेस आला. सन १७९९ त श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूर प्रांताच्या मोजणीचें काम त्याजकडे सोंपविण्यांत आलें व तें पुढें सुमारें दहा वर्षें चाललें. मोजणीचें क्षेत्र सुमारें ४०,००० चौरस मैल होतें. जमीन मोजतां मोजतां त्या जमिनीवरील राजवंश, देवस्थानें, अग्रहारें, जाती व इनामें यांचीहि माहिती गोळा करावी, असा त्याचा संकल्प होता. त्यासाठीं कोणकोणत्या गोष्टी विचाराव्या यांची शीर्षकें त्यानें सन १८०० च्या सुमारास लिहून काढलीं. आज आपण जिला प्रश्नावली म्हणतों तीच ही. प्रश्न आधीं लिहून ठेवल्याचा लाभ असा कीं, शंभर कोसांच्या अंतरावर काम करणाऱ्या दोन संग्राहकांनीं आणलेले कागद एकमेकांशीं ताडून पाहतां येतात.

पण मॅकेंझीला एतद्देशीय भाषा येत नव्हत्या. ही उणीव त्यानें सर अलेक्झांडर जॉन्स्टन यास सन १८१७ त लिहिलेल्या पत्रांत स्वतःच सांगितली आहे. म्हणून त्याची सर्व भिस्त त्याच्या पदरच्या माणसांवर होती. त्यांत मुख्य कावली वेंकट बोरय्या. हा वेल्लूरचा नव्हे, एलूरचा नियोगी ब्राह्मण. सन १७९६ च्या सुमारास तो मॅकेंझीकडे लागला. बहुभाषी, लोकांत मिसळणारा व जुनीं अक्षरें लावण्यांत हुशार असा हा तरुण होता. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या नवव्या खंडांत जैनांविषयींचा जो वृत्तांत सन १८०७ त प्रसिद्ध झाला, त्यावर भाषांतरकार म्हणून याचेंच नांव आहे. परंतु तें छापून येण्यापूर्वींच, सन १८०३ त, ऐन पंचविशींत तो वारला. त्याच्या मागें त्याचा भाऊ लक्ष्मय्या यानें सर्व संग्राहकांच्या कामाची देखरेख पाहिली.

या देखरेखीची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक संग्राहकास प्रदेश नेमून दिलेला असे. कोणत्या गांवीं गेलों, कोणास भेटलों, काय मिळालें, काय मिळालें नाहीं व कां मिळालें नाहीं, याचा वृत्तांत त्यानें वेळोवेळीं लिहून पाठवावा लागे. लक्ष्मय्यानें एकंदर कामाचा मासिक अहवाल मॅकेंझीस द्यावयाचा. म्हणजे पाहणीबरोबर पाहणीची रोजनिशीहि तयार होत होती.

या मंडळींत नारायणराव, आनंदराव, बाबूराव हीं नांवें आढळतात. निजामानें सन १८०० त कंपनीस दिलेल्या बळ्ळारी, कडपा वगैरे मुलुखांत नारायणरावाचें काम विशेष झालें. तेथील सरकारी हिशेबांत मराठीचा प्रचार होता. तेव्हां मराठी लिहिणारा कारकून तेथें परका नव्हता. विल्सनच्या यादींत मराठी कागदांचा जो विभाग आहे, त्यावरून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें कृष्णेच्या दक्षिणेसहि शोधलीं पाहिजेत हें ध्यानांत यावें.

संग्राहकांनीं गोळा केलेल्या साधनांत गांवोगांवच्या कैफियती फार. तेलगू मुलुखांतील कर्णम म्हणजे आपल्याकडील कुलकर्णी. त्याच्यापाशीं ‘दंडकविले’ नांवाचें गांवचें जुनें टिपण असे. त्यावरून व वृद्धांच्या तोंडून ऐकून कैफियत तयार होई. येथें वाचकानें सावध असावें. कैफियत हा स्वयंभू लेख नव्हे. तो विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आहे. विचारणारा सरकारी मोजणीखात्यांतून आलेला, सांगणारा इनामाचा किंवा वतनाचा मालक. अशा माणसाची जुनी सनद पुढें करण्यांत आशा असते, तशी ती लपविण्यांत भीति असते. सन १८५२ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत बसलेल्या इनाम कमिशनचें स्मरण ज्या घराण्यांत राहिलें, त्यांस ही भीति निराळी समजावून सांगावयास नको. म्हणून कैफियतीचें मोल ठरवितांना ती कोणीं, कोणापासून, कोणत्या निमित्तानें घेतली हें कळलें पाहिजे. व तें संग्राहकाच्या रोजनिशींतच कळतें.

मॅकेंझी सन १८१५ त सबंध हिंदुस्थानचा सर्व्हेयर जनरल झाला, सन १८१७ त कलकत्त्यास गेला व तेथेंच ८ मे १८२१ रोजीं वारला. संग्रहाची व्यवस्थित यादी करण्याचा त्याचा हेतु अपुरा राहिला. सरकारनें त्याच्या विधवेस एक लाख रुपये देऊन संग्रह विकत घेतला. होरेस हेमन विल्सन यानें सन १८२८ त दोन भागांत जी यादी छापली, तींत १,५६८ ग्रंथ, २,०७० स्थानिक वृत्तांत, ८,०७६ शिलालेखांच्या व ताम्रपटांच्या नकला, २,१५९ भाषांतरें, २,६३० चित्रें व ६,२१८ नाणीं नमूद आहेत. परंतु विल्सन संस्कृताचा पंडित. दक्षिणेकडील भाषा त्यास अवगत नव्हत्या. त्यामुळें त्याची यादीहि एतद्देशीय साहाय्यकांच्या गोषवाऱ्यांवरच उभारली गेली.

यापुढील प्रकरण खेदाचें आहे. हयात असलेला, संग्रहाचा कागद न् कागद ओळखणारा लक्ष्मय्या यानें हें काम पुढें चालविण्याची परवानगी मागितली. सन १८३६ च्या सुमारास ती मागणी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें आली. सोसायटीचा चिटणीस जेम्स प्रिन्सेप, म्हणजे ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा प्रख्यात विद्वान्, यानें प्रतिकूल मत दिलें. साहाय्यक म्हणून अशा माणसाचा उपयोग आहे, पण चिकित्सा करून निर्णय देणारा प्रमुख तो होऊं शकत नाहीं, असा त्या मताचा आशय होता. काम विल्यम टेलर या पाद्र्याकडे गेलें. त्याची तीन भागांची यादी सन १८५७ ते १८६२ या काळांत निघाली. लक्ष्मय्याची पद्धत चिकित्सक नव्हती असें घटकाभर मानलें, तरी एक गोष्ट उरते. अमुक कागद कोठल्या मठांतून, कोणत्या शर्तीवर आला व त्याची नक्कल कोणीं ताडून पाहिली, हें सांगणारा तोच होता. संग्रहाचे कांहीं भाग लंडनला गेले, कांहीं मद्रासेस आले. आज ते मुख्यतः ब्रिटिश लायब्ररींत व चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयांत आहेत. पण सांगणारा जो गेला तो कोणत्याहि ग्रंथालयांत ठेवतां आला नाहीं.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरण कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें. त्यांनीं स्वतः वाडे व माळे पालथे घातले, स्वतः मोडी वाचली व सन १८९८ पासून साधनांचे खंड स्वतः प्रस्तावना लिहून काढले. शोधणारा, वाचणारा व अर्थ लावणारा एकच असल्यामुळें त्यांच्या खंडांत साधन व त्याचा ठावठिकाणा यांची सहसा ताटातूट होत नाहीं. पण एका आयुष्याला जेवढें झेपतें तेवढेंच या रीतीनें होतें. राजवाडे वारंवार जन्मास येत नाहींत. म्हणून विस्तृत पाहणीस मॅकेंझीचीच रीत पत्करावी लागते. मग तिचे दोष तरी टाळावेत.

त्यासाठीं पुढील गोष्टी योजनेंतच घातल्या पाहिजेत. प्रश्न आधीं लिहून ठेवावे. परंतु प्रश्नांत न बसणारें जें सांपडेल त्यासाठीं निराळें सदर मोकळें राखावें, कारण अनपेक्षित तेंच पुष्कळदां अपूर्व असतें. संग्राहकास लिपि व भाषा यांचें शिक्षण प्रथम द्यावें, पाठवावें मागून. मालकास पाहणीचा हेतु स्पष्ट सांगावा व अस्सल कागद त्याच्या घरीं राहूं देऊन नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें. संग्राहकाची रोजनिशी हें गौण टिपण न समजतां मूळ साधनाइतकीच जपावी व तिच्या नकलेचा खर्च अंदाजपत्रकांत प्रथमपासून धरावा. सरतेशेवटीं, जो कागद ज्यानें मिळविला त्याचें नांव यादींत त्या कागदापुढें छापावें. वेतन दिल्यानें त्याचे श्रम फिटतात. त्याच्या साक्षीचा अधिकार मात्र त्याजकडेच राहतो, आणि पुढील वाचकास गरज त्या साक्षीची आहे.