खिडकीबाहेरच्या डोलकाठ्या

डेन्मार्कच्या चित्रकारांना एकोणिसाव्या शतकात खिडकीचा मोठा नाद होता. त्या साऱ्या चित्रांत मार्टिनुस रोर्ब्यू याने 1825 च्या सुमारास काढलेले एक चित्र मला विशेष प्रिय आहे. त्याची उंची हातभरसुद्धा भरणार नाही. मूळ चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. मी पाहिले ते छापील. आईवडिलांच्या घरातली उघडी खिडकी, तिच्या कट्ट्यावर कुंड्यांतली रोपे आणि प्लास्टरचे पाऊल, वर टांगलेला पाखराचा पिंजरा, आणि पलीकडे आरमारी बंदरातल्या जहाजांच्या डोलकाठ्या. माणूस एकही नाही.

यात पाहण्यासारखे ते काय, असे कुणी विचारील. मला इतिहासाची खोड. माझी नजर जाते डोलकाठ्यांकडे. 1807 साली इंग्रजांनी याच शहरावर तोफा डागल्या आणि डेन्मार्कचे जवळजवळ सगळे आरमार ओढून नेले. 1813 साली सरकारचे दिवाळे वाजले. 1814 साली नॉर्वे हातचा गेला. रोर्ब्यूचा जन्म 1803 चा, त्याच नॉर्वेतला. पोरवयातच आईबापांबरोबर त्याला ते गाव सोडावे लागले. नागवल्या गेलेल्या देशाने पुन्हा उभ्या केलेल्या त्या डोलकाठ्या, आणि जन्मगाव सुटलेला तो तरुण! एवढे ध्यानात आले की ते शांत चित्र निराळेच दिसू लागते.

आता म्हणाल, गोंदियात बसून या डोलकाठ्यांशी आपला संबंध काय? इथे धानाच्या गिरण्या आणि आगगाडीचे रूळ. समुद्र शेकडो मैल दूर. पण संबंध आहे. कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर, मधली काही वर्षे सोडली तर, 1755 पासून 1845 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून विल्यम कॅरे तेथे जाऊन राहिला. त्याच्या मराठी व्याकरणाचे पुस्तक 1805 साली तेथेच छापले गेले. त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. पुढे 1816 साली त्याच छापखान्यातून राघोजी भोसल्यांची वंशावळ मराठीत बाहेर पडली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्याच मुलखात होता. आपल्या राजांची कुळकथा छापली गेली ती डॅनिश निशाणाखाली!

रोर्ब्यूने पिंजरा टांगला तो उघड्या खिडकीतच. घर धरावे की वाट, याचा निवाडा त्याने चित्रात केलेला नाही. दहा वर्षांनी तो ग्रीस आणि तुर्कस्तानपर्यंत हिंडला, आणि मायदेशी परतून चित्रे काढीत राहिला.

दिवाळीला घरी आलेली आपली मुले भाऊबीज आटोपली की गोंदिया स्टेशनावरून मुंबई-पुण्याकडे निघतील. त्यापूर्वी त्यांच्यासमोर हे चित्र ठेवायचे आणि वंशावळीची ही हकिकत सांगायची, असे मी ठरवले आहे.