पापणी लावताना काढायचंही विचारा

लग्नसराई आली की कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या पार्लरांत गर्दी होते. हल्ली तिथे नवरीच्या पापणीच्या एकेका केसाला दुसरा लांब केस चिकटवून देतात. त्याला आयलॅश एक्स्टेन्शन म्हणतात. लावून घेताना बराच वेळ डोळे मिटून पडायचं, हे मुलींना ठाऊक असतं. पण काढायचे कसे, हे फार कमी जणी विचारतात. हा प्रश्न आपल्या आज्यांना का पडला नाही आणि आपल्याला का पडतो, ते आज पाहू.

डोळे सजवण्याची हौस फार जुनी. हडप्पा-मोहेंजोदडोच्या उत्खननात काजळ घालायच्या तांब्याच्या काड्या सापडल्या आहेत, म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी गोष्ट. आपल्याकडे एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी पालथी धरायची, धरलेली काजळी तुपात कालवून डबीत भरायची. निघायला काय लागायचं? तेलाचं बोट आणि मऊ फडकं. काजळ कातडीवर नुसतं बसतं, केसाला धरून राहत नाही. म्हणून काढणं ही वेगळी शिकायची गोष्टच नव्हती. काजळ अगदी निर्धोक होतं असंही नाही. काही सुरम्यांत शिसं आढळलं आहे, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असं डॉक्टर सांगतात.

पापणीचे केस नुसते शोभेचे नाहीत. धूळ, भुसा, घाम डोळ्यांत जाण्याआधी ते अडवतात. ते बिघडले की किती त्रास होतो, हे जुन्या लोकांनी पाहिलं होतं. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात, त्या रोगाला सुश्रुतसंहितेत पक्ष्मकोप म्हटलं आहे आणि त्यावर उपचारही दिले आहेत. खुपऱ्यांच्या रोगात हेच होतं. केस बुबुळाला घासत राहतात आणि शेवटी दृष्टी जाते. डोळे वाचावेत म्हणून बाया देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोलत. सरकारने 1963 साली खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग भारतातून हटला, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली जाहीर केलं. पापणी वाचवायला इतकी वर्षं लागली, मग ती एका समारंभापायी का गमवायची?

आता चिकटवलेल्या पापण्यांकडे येऊ. 1916 साली अमेरिकेत ‘इन्टॉलरन्स’ नावाचा मूकपट आला. त्यातल्या राजकन्येच्या पापण्या गालाला टेकतील इतक्या लांब हव्यात, असा दिग्दर्शक ग्रिफिथ यांचा हट्ट होता. टोप बनवणाऱ्याने जाळीत माणसाचे केस विणले आणि डिंकाने ते सीना ओवेन या नटीच्या पापण्यांवर चिकटवले. एके दिवशी तिचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, अशी आठवण तिच्यासोबत काम करणाऱ्या लिलियन गिश यांनी सांगितली आहे. म्हणजे या शृंगाराच्या सुरुवातीलाच धोक्याची खूण दिसली होती.

तो डिंक तरी सुटणारा होता. 1942 साली हॅरी कूव्हर हे रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांच्या हाती आला तो भलताच चिकट पदार्थ, सायनोॲक्रिलेट. 1958 पासून तो बाजारात मिळू लागला. फुटलेली वस्तू क्षणात जोडणारा आपल्या घरातला फेविक्विक याच कुळातला. एक्स्टेन्शनचा डिंकही बहुतेक वेळा याच जातीचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो आणि साध्या पाण्याने सुटत नाही. ओढला तर आपला केस मुळासकट येतो. वारंवार असं झालं तर तिथे पुन्हा केस न येण्याची भीती असते.

म्हणून काढण्याची रीत नीट ऐका. आधी पट्टी कोणती आहे ते ओळखा. एका दिवसापुरती लावलेली अखंड पट्टी असेल, तर कापसावर थोडं खोबरेल किंवा मेकअप काढायचं तेल घ्या आणि मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ धरा. डिंक मऊ झाला की बाहेरच्या कोपऱ्याकडून अलगद सोडवा. तेल डोळ्यांत जाऊ देऊ नका.

एकेक केस चिकटवलेला असेल, तर घरी हात लावू नका. शिकलेली पार्लरवाली खालच्या पापणीवर पट्टी ठेवते, डोळे मिटायला लावते, डिंक सोडवणारी क्रीम किंवा जेल फक्त जोडावर लावते, थोडा वेळ थांबते आणि केस ओढून न काढता सरकवून काढते. घाई नसेल तर तसेच राहू द्या. आपला केस आपोआप गळतो, त्याच्यासोबत चिकटवलेलाही काही आठवड्यांत जातो. नखपॉलिश काढायचं ॲसिटोन, कात्री, चिमटा डोळ्याजवळ आणायचाच नाही.

डिंक किंवा क्रीम डोळ्यांत गेली, तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, धूसर दिसलं किंवा पू आला, तरीही डोळ्यांच्या डॉक्टरलाच दाखवा. दुकानातून मनाने थेंब आणून घालू नका.

आपल्या बचत गटांतल्या कितीतरी मुली पार्लरचं काम शिकतात. त्यांनी लावण्याइतकंच काढणंही शिकून घ्यावं, आणि कुणालाही लावण्याच्या एक-दोन दिवस आधी डिंक सोसतो का, ते तपासावं. लावून घेणारीने पैसे देण्यापूर्वी विचारावं: कुठला डिंक आहे, काढून कोण देणार, किती पैसे पडतील? उत्तर नीट मिळालं नाही, तर काजळाची डबी आहेच. हळद उतरली की महिन्याभरात भातखाचरात चिखलात उभं राहायचं असतं. तेव्हा उडणारं पाणी आणि चिखल अडवायला आपल्याच पापण्या कामी येतात.